रोल घरी धुताना: डेव्हलपर किती पातळ करायचा, टँक किती हलवायचा, वेळ किती द्यायचा?

हे प्रश्न घरच्या घरी टँकमध्ये (प्रकाश आत न येणाऱ्या डब्यात) ब्लॅक अँड व्हाइट रोल धुणाऱ्यांचे, म्हणजे डेव्हलप करणाऱ्यांचे आहेत. उदाहरणांसाठी बहुतेक ठिकाणी इल्फर्ड एचपी५ प्लस ही फिल्म आणि आयडी-११ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) घेतला आहे. कोडॅकचा डी-७६ याच घडणीचा आहे, त्यामुळे तो वापरणाऱ्यांनाही हेच लागू पडेल. वेगळं सांगितलं नसेल तिथे तापमान २० अंश सेल्सिअस धरावं.

वेळ, डायल्यूशन (डेव्हलपर किती पातळ ते प्रमाण), हलवणं, तापमान… यातलं आधी काय बदलू?

आधी फक्त वेळ. बाकी तिन्ही गोष्टी आहेत तशाच ठेवायच्या.

या चारही गोष्टी शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात: फिल्मवरच्या उजेडाच्या भागात किती चांदी जमते. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि निगेटिव्ह बिघडली, किंवा चांगली आली, तर ती कशामुळे हे कधीच कळत नाही. डायल्यूशन एकदा ठरवा, हलवायची एक पद्धत अंगवळणी पाडा, तापमान रोज जमेल असं निवडा. मग वेळ कमी-जास्त करून कॉन्ट्रास्ट हवा तिथे आणा.

सावलीतला तपशील मात्र एक्स्पोजरच्या वेळीच ठरून गेलेला असतो. तिथे पुरेसा प्रकाश पोचलाच नसेल तर टँकमध्ये तो आणता येत नाही. वेळ वाढवली की सावल्या जरासा फरक दाखवतात, उजेडाचे भाग मात्र झपाट्याने काळे होत जातात. एक्स्पोजर आणि निगेटिव्हची घनता यांचं हे नातं हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० साली इंग्लंडमध्ये मोजून मांडलं. आजच्या फिल्मलाही ते तसंच लागू आहे.

निगेटिव्ह पातळ आली आहे. एक्स्पोजर कमी पडलं की डेव्हलपिंग?

आधी फिल्मच्या कडेवरची अक्षरं आणि फ्रेमचे आकडे बघा. ते कारखान्यातच एक्स्पोज केलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. आकडे ठसठशीत काळे आहेत आणि चित्र पातळ आहे, तर डेव्हलपिंग ठीक आहे, एक्स्पोजर कमी पडलं. आकडेच फिकट राखाडी असतील तर वेळ कमी पडली, पाणी थंड होतं किंवा डेव्हलपर मेलेला होता. आकडेही नाहीत आणि चित्रही नाही, फिल्म सरळ काचेसारखी, तर बहुधा फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं द्रावण) आधी ओतला गेला. म्हणून बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांची झाकणं लावावीत.

जास्त धुतली गेली का, हे पाहायला वर्तमानपत्र पुरतं. निगेटिव्ह वाळल्यावर खिडकीजवळ, पेपरच्या बारीक छपाईवर सपाट ठेवा. ज्या भागात तुम्हाला प्रिंटमध्ये तपशील हवा आहे (पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या, ढगांच्या कडा) तो सगळ्यात गडद भाग अक्षरांवर आणा. त्यातून अक्षरं जेमतेम वाचता आली तर वेळ बरोबर आहे. काहीच दिसत नसेल तर पुढच्या रोलला वेळ कमी करा. अक्षरं अगदी सहज वाचता येत असतील तर वाढवा. ही कसोटी ढोबळ आहे, पण घनता मोजणारा डेन्सिटोमीटर नसताना तिच्याइतकी हुकमी दुसरी नाही.

१+१, १:३, १+५० हे आकडे कसे वाचायचे?

अधिक चिन्हाने लिहिलेलं सरळ असतं: १+३ म्हणजे एक भाग डेव्हलपर आणि तीन भाग पाणी, एकूण चार भाग. १:३ असं लिहिलं की घोटाळा होतो, कारण काहीजण त्याचा अर्थ 'एकूण तीन भागांत एक' असा घेतात. फिल्म डेव्हलपरच्या तक्त्यांत १:१ आणि १:३ हे जवळजवळ नेहमी १+१ आणि १+३ याच अर्थाने येतं.

६०० मिली द्रावण करायचं असेल तर १+१ साठी ३०० मिली स्टॉक (अजून पातळ न केलेलं मूळ द्रावण) आणि ३०० मिली पाणी, १+३ साठी १५० आणि ४५०. रोडिनाल या द्रवरूप डेव्हलपरच्या १+२५ साठी २३ मिली, १+५० साठी ११.८ मिली आणि १+१०० साठी ६ मिली घ्या, उरलेलं पाणी. एचसी-११० या दुसऱ्या द्रवरूप डेव्हलपरचं डायल्यूशन बी म्हणजे १+३१, त्यासाठी १८.८ मिली. हे छोटे आकडे मोजायला मेजरिंग सिलिंडर कामाचा नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची १० मिलीची सिरिंज घ्या. ६ मिलीच्या मापात १ मिली चुकलं तर डेव्हलपरचा सहावा हिस्सा चुकला.

पातळ केल्याने नेमकं काय होतं? नुसती वेळच वाढते का?

वेळ वाढते हे खरं, पण निगेटिव्हचा पोतही बदलतो.

आयडी-११ किंवा डी-७६ च्या एक लिटर स्टॉकमध्ये १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. एवढ्या प्रमाणात ते चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवतं, म्हणून ग्रेन (चित्रातला दाणा) मऊ दिसतो. १+१ केलं की लिटरमागे ५० ग्रॅम उरतं, १+३ केलं की २५. विरघळवणं कमी झालं की ग्रेन उठून दिसतो आणि कडा धारदार होतात. मोठ्या प्रिंटमध्ये झाडाच्या फांद्या किंवा दगडी भिंत पाहिली की फरक लगेच जाणवतो.

दुसरा परिणाम डेव्हलपर खर्च होण्याचा. उजेडाच्या भागात चांदी भराभर तयार होते, तिथला डेव्हलपर संपतो आणि ब्रोमाइड साठतं. ब्रोमाइड पुढची क्रिया मंद करतं. सावलीच्या भागात खर्च कमी, तिथलं काम चालूच राहतं. द्रावण जितकं पातळ आणि हलवणं जितकं कमी, तितका हा परिणाम जास्त. हायलाइट (उजेडाचे भाग) आपोआप आवरले जातात, सावल्यांना वेळ मिळतो. स्टॉक डेव्हलपर सतत हलवत राहिलात तर यातलं जवळपास काहीच होत नाही.

स्टॉकची वेळ माहीत आहे. १+१ ची वेळ दुप्पट धरू का?

नको. पाणी दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही, आणि प्रत्येक फिल्मचा हिशेब वेगळा असतो. आयडी-११ मध्ये एचपी५ ला स्टॉकमध्ये साडेसात मिनिटं लागतात, १+१ मध्ये १३. म्हणजे पाऊणपट वाढ. त्याच डेव्हलपरमध्ये एफपी४ प्लसला साडेआठची अकरा होतात, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कोडॅक ट्राय-एक्स ४०० ला डी-७६ मध्ये पावणेसातची पावणेदहा. रोडिनालमध्ये १+२५ वरून १+५० वर गेलात तर एचपी५ ची ६ मिनिटांची ११ होतात, एफपी४ ची ९ ची १५.

तेव्हा तक्ता बघा. तक्त्यात नसेल तर स्टॉकच्या वेळेच्या दीडपट धरून एक रोल धुवा, पेपरवर ठेवून पाहा आणि मग बदला. तक्त्यालाही प्रारंभबिंदूच समजा. एचपी५ साठी १+१ मध्ये आयडी-११ ला १३ मिनिटं दिलेली दिसतात आणि डी-७६ ला ११, दोन्ही डेव्हलपर एकाच घडणीचे असूनही.

टँकमध्ये फिल्म बुडली म्हणजे डेव्हलपर पुरला, असं समजायचं का?

इथेच पुष्कळजण फसतात. फिल्म बुडायला लागणारं द्रावण आणि फिल्म डेव्हलप व्हायला लागणारा मूळ डेव्हलपर ही दोन वेगळी मापं आहेत. पॅटरसन टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रिळाला २९० मिली द्रावण लागतं, १२० च्या (रुंद फिल्मच्या) रोलला ५००. पण त्या २९० मिलीत मूळ डेव्हलपर किती आहे, हा खरा प्रश्न.

३६ फ्रेमचा एक रोल आणि १२० चा एक रोल यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच असतं, म्हणून दोघांना डेव्हलपरही सारखाच लागतो. एचसी-११० चा रोलमागे किमान ६ मिली मूळ द्राव धरा. रोडिनालचा ५ मिलीच्या खाली जाऊ नका, १० असेल तर उत्तम. एक्सटॉल या पावडरीच्या डेव्हलपरचा किमान १०० मिली स्टॉक. डी-७६ १+१ मध्ये एक रोल साधारण ४७५ मिलीत धुवावा. तोच रोल २४० मिलीच्या छोट्या टँकमध्ये धुतलात तर वेळ सुमारे १० टक्के वाढवा, असं कोडॅकच सांगते.

१+३ करायचं तर दोन रिळांचा टँक घ्या, फिल्म खालच्या रिळावर भरा, वरचं रीळ रिकामं ठेवा आणि ६०० मिली ओता. एका रिळाच्या टँकमध्ये १+३ म्हणजे जेमतेम ७५ मिली स्टॉक. मग निगेटिव्ह फिकी येते आणि दोष वेळेला दिला जातो.

टँक नेमका कसा हलवायचा?

इल्फर्डची पद्धत अशी: डेव्हलपर ओतल्यावर पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटासुलटा करायचा, मग प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीच्या १० सेकंदांत पुन्हा चार वेळा. कोडॅक दर ३० सेकंदांनी हलवायला सांगते. कुठलीही निवडा, पण तक्ता ज्यांचा घेतलात त्यांचीच हलवायची पद्धत घ्या. एकाचा तक्ता आणि दुसऱ्याची पद्धत घेतली की कॉन्ट्रास्ट कुठून वाढला ते कळत नाही.

आता हात. झाकणावर एक तळवा, बुडाखाली दुसरा. टँक पूर्ण उलटा करा, आतलं पाणी 'गुळुक' करून वरच्या टोकाला पोचल्याचं ऐकू येईल एवढं थांबा, मग सरळ करा. एका फेऱ्याला दोन-अडीच सेकंद. सरळ करताना मनगटाला पाव वळसा द्या, म्हणजे पुढच्या वेळी द्रावण रिळाच्या दुसऱ्या बाजूने फिरेल. चार फेरे झाले की टँक ओट्यावर दोनदा टपकन आपटा. फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे त्याने सुटतात. आपटायचं राहिलं तर निगेटिव्हवर मोहरीएवढे गोल, फिके डाग येतात आणि प्रिंटमध्ये ते काळे उमटतात.

टँक काठोकाठ भरू नका. आत हवेला जागाच नसेल तर उलटा करूनही द्रावण हलत नाही. आणि टँक मधल्या काळात हातात धरून बसू नका. तळव्याच्या उबेने आतलं द्रावण तापतं.

घड्याळ कधी सुरू करायचं? डेव्हलपर पूर्ण ओतून झाला की. ओतणं दहा सेकंदांत संपलं पाहिजे. शेवटी वेळ संपायच्या १०-१५ सेकंद आधी टँक रिकामा करायला घ्या. रिकामा झाल्याबरोबर स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं आंबट द्रावण).

टँक उलटा न करता रीळ फिरवायच्या दांडीने हलवलं तर चालत नाही का?

झाकण गळत असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटापुरती ठीक आहे. पूर्ण वेळ तीच वापरली तर द्रावण गोल गोल एकाच मार्गाने फिरतं, वर-खाली मिसळत नाही, आणि फिल्मच्या दोन कडांमध्ये फरक पडू शकतो.

हलवणं कमी-जास्त केलं तर कॉन्ट्रास्ट किती बदलतो?

हलवण्याचा परिणाम हायलाइटवर जास्त, सावल्यांवर कमी. दर मिनिटाऐवजी दर अर्ध्या मिनिटाला हलवलं तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढतो. रोटरी यंत्रावर सतत फिरवलं तर चांगलाच वाढतो, म्हणून तिथे टँकच्या वेळेतून १५ टक्क्यांपर्यंत कमी करतात. उलट, दर दोन-तीन मिनिटांनी एकदा हलवून वेळ वाढवली तर हायलाइट आवरतात.

तरीही हलवणं हे कॉन्ट्रास्ट बदलायचं मुख्य साधन करू नये. ते हाताच्या सवयीवर अवलंबून आहे, आणि एका मर्यादेखाली गेलं की फिल्म एकसारखी धुतलीच जात नाही. कॉन्ट्रास्ट घड्याळाने बदला.

फिल्मवर पट्टे, लाटा, कडेला वेगळी छटा. कशामुळे?

पट्टा निगेटिव्हवर गडद आहे की फिका, हे आधी ठरवा.

स्प्रॉकेटच्या भोकांपासून आत शिरणारे गडद पट्टे (प्रिंटमध्ये फिके) म्हणजे जोरजोरात हलवलं. भोकांतून द्रावण पिचकारीसारखं घुसतं आणि तेवढाच भाग जास्त धुतला जातो. तिथूनच निघणारे फिके पट्टे (प्रिंटमध्ये गडद) म्हणजे हलवणं फार कमी झालं. साठलेलं ब्रोमाइड वजनाने खाली घसरलं आणि जाता जाता क्रिया मंद करत गेलं. मोकळ्या आभाळाच्या फ्रेममध्ये हे फार वाईट दिसतं.

फिल्मच्या एकाच लांब कडेला सलग फिका पट्टा असेल तर द्रावण कमी पडलं, किंवा रीळ टँकच्या मधल्या नळीवर वर सरकलं. नखाएवढी गडद अर्धचंद्राची खूण डेव्हलपरमुळे नसते, अंधारात भरताना फिल्म दुमडल्याची ती खूण. आणि धुक्यासारखे दुधाळ डाग दिसले तर घाबरू नका, फिक्सिंग अपुरं आहे. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घाला, निघून जातील.

स्टँड डेव्हलपिंग करावं का? सगळ्या फिल्मला एकच वेळ, म्हणतात.

रोडिनाल १+१००, पहिलं मिनिट हलवायचं, मग तासभर टँक ठेवून द्यायचा. कृती सोपी आहे, म्हणूनच लोकप्रिय आहे. रोडिनाल १८९१ पासून बाजारात आहे आणि इतकं पातळ करूनही काम करतो, हा त्याचा मोठा गुण.

पण सगळ्या फिल्मला चालणारी एक वेळ म्हणजे कुठल्याही फिल्मला नेमकी नसलेली वेळ. निवांत टँकमध्ये ब्रोमाइडचे पट्टे येण्याचा धोका कायम असतो, ३५ मिमीला भोकांमुळे जास्तच. करायचंच असेल तर अर्ध्या तासाने टँक दोनदा हळूच उलटा करा, रोलमागे निदान ५ मिली मूळ द्राव ठेवा आणि आभाळ किंवा कोरी भिंत जास्त असलेल्या रोलला हा प्रयोग नको. खोलीत ३२ अंश असतील तर तासाभरात टँकही त्या दिशेने चढतो आणि फिल्मवर फॉग (सगळीकडे येणारा धुरकट काळेपणा) वाढतो.

कडक उन्हाचा, महत्त्वाचा रोल असेल तर याहून आयडी-११ १+३ हा फार भरवशाचा मार्ग आहे.

उन्हाळ्यात नळालाच ३० अंशांचं पाणी येतं. २० अंश कुठून आणू?

आणायलाच हवेत असं नाही. पुस्तकांतले २० अंश थंड देशांतल्या नळाला सोयीचे आहेत. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी तिथवर आणलं तरी टँकमध्ये ते टिकत नाही. १३ मिनिटं टँक गरम खोलीत उभा राहिला की आतलं द्रावण तापत जातं, वेळ मात्र तुम्ही २० अंशांची दिलेली असते. नेहमीपेक्षा गडद, कडक निगेटिव्ह इथून येतात.

यावर उपाय असा की सांभाळता येईल असं तापमान निवडायचं आणि डेव्हलपर पातळ करून वेळ लांबवायची. एका अंशामागे वेळ साधारण ९ टक्क्यांनी कमी होते. इल्फर्डचा अंगठेनियम याच्याशी जुळतो: २० अंशांना ४ मिनिटं असतील तर २३ ला ३. एचपी५ साठी आयडी-११ मध्ये हिशेब मांडून पाहा. स्टॉकची साडेसात मिनिटं २४ अंशांना सव्वापाच होतात आणि २६ ला सव्वाचार. एवढ्या कमी वेळात फिल्म एकसारखी होत नाही. १+१ ची १३ मिनिटं मात्र २४ ला ९, २६ ला साडेसात आणि २८ ला सुमारे ६ होतात. १+३ ची २० मिनिटं २६ ला सव्वाअकरा आणि २८ ला सव्वानऊ-साडेनऊ. म्हणजे २४ ते २६ अंशांत १+१ वापरा, त्याच्या वर १+३. कुठल्याच वेळी पाच मिनिटांच्या खाली जावं लागत नाही.

प्रत्यक्षात असं करा. एका टबात पाणी घ्या आणि डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर यांच्या बाटल्या व रिकामा टँक त्यात अर्धा तास उभे करा. फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात टाकून टब २४ वर आणा. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो वितळला की डायल्यूशन बिघडलं. टँक हलवून झाला की दरवेळी टबात परत ठेवायचा. विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार असतं, टबासाठी ते उत्तम. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे माठ तेवढा गार होत नाही, तिथे फ्रीजचाच आधार घ्यावा.

शेवटचं धुणंही लक्षात ठेवा. २४ च्या फिक्सरमधून फिल्म थेट ३४ च्या धारेखाली धरली तर इमल्शन फुगतं, आणि झटका मोठा असेल तर त्याला जाळीसारख्या सुरकुत्या पडतात. टबाशेजारी दोन-तीन लिटर पाणी आधीच भरून ठेवा आणि इल्फर्डच्या पद्धतीने धुवा: टँक भरून पाच वेळा उलटा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. पाणीही कमी लागतं. ओल्या फिल्मवरून बोटं किंवा स्क्वीजी ओढू नका. गरम पाण्यातून निघालेलं इमल्शन मऊ असतं, एक कण अडकला तरी रोलभर चरा जातो.

थर्मामीटर बरोबर आहे हे कसं तपासू?

ताप मोजायचा थर्मामीटर घ्या. पाणी ३८ अंशांच्या आसपास कोमट करा, दोन्ही एकत्र बुडवा आणि फरक किती ते तुमच्या थर्मामीटरवर चिकटपट्टी लावून लिहा. ३८ ला जुळला म्हणून २० लाही तंतोतंत जुळेलच असं नाही, पण दोन-तीन अंशांची चूक इथे उघडी पडते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दरवेळी तोच थर्मामीटर वापरायचा.

स्टॉप बाथऐवजी नुसतं पाणी चालेल?

वेळ १० मिनिटांच्या वर असेल तर चालेल. गरम पाण्यात, ६-७ मिनिटांच्या कामात, फिल्ममध्ये मुरलेला डेव्हलपर पाण्यातही काम करत राहतो. साधा पांढरा व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग, किंवा लिटरमागे १५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. ३० सेकंद पुरे.

४०० आयएसओची फिल्म १६०० वर वापरली. वेळ किती वाढवू?

आयडी-११ स्टॉकमध्ये एचपी५ ला ४०० वर साडेसात, ८०० वर साडेदहा आणि १६०० वर १४ मिनिटं. म्हणजे प्रत्येक स्टॉपला (प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप) तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के वाढ. तक्ता नसलेल्या फिल्मला याच प्रमाणाने सुरुवात करता येते.

वाढलेल्या वेळेने मधल्या छटा आणि उजेड वर येतात. सावल्या जिथल्या तिथे राहतात. रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत हॅलोजनखालचे चेहरे छान येतील, पण मागच्या गर्दीतले चेहरे १६०० वर फिल्मला दिसलेच नाहीत, ते येणार नाहीत. शिवाय दृश्यातच भक्क उजेड आणि गडद काळोख असताना पुश करून, म्हणजे असा वेळ वाढवून, कॉन्ट्रास्ट आणखी चढतो. अशा वेळी ८०० वर थांबून १+१ मध्ये साडेसोळा मिनिटं दिलेली बरी, निगेटिव्ह प्रिंट करायला सोपी जाते.

भर उन्हातला रोल आहे, पांढरे कपडे फुटतात. काय करू?

उलटं करायचं: एक्स्पोजर वाढवा, वेळ घटवा. एचपी५ २०० वर वापरा आणि १+१ ची वेळ २० टक्क्यांनी कमी करा, १३ ची साडेदहा. झाडाखालच्या सावलीला जादा प्रकाश मिळाला, पांढऱ्या टोपीला कमी डेव्हलपिंग. रोलभर असाच प्रकाश असेल तरच हे करा. निम्मा रोल उन्हातला आणि निम्मा घरातला असेल तर नेहमीचीच वेळ द्या आणि बाकीचं प्रिंटच्या कागदाच्या ग्रेडवर (त्याच्या कमी-जास्त कॉन्ट्रास्टवर) सोपवा.

माझी स्वतःची वेळ कशी काढू?

एक रोल खर्च करा, पुढचे शंभर सुधारतात. एकाच दृश्याचे ३६ फोटो काढा, एकाच एक्स्पोजरने, प्रकाश स्थिर असताना. दृश्यात तपशील असलेली गडद सावली हवी आणि पोत असलेलं पांढरं काहीतरी हवं, विणलेला टॉवेल चालेल.

१२ फ्रेमची लांबी साधारण ४५ सेंटीमीटर. टेबलाच्या कडेला ४५ सेंमीच्या अंतरावर चिकटपट्टीचे दोन जाड तुकडे लावा, अंधारात बोटांना लागतील असे. पूर्ण काळोखात फिल्म त्या मापाने तीन तुकड्यांत कापा. एक तुकडा रिळावर, उरलेले दोन परत काळ्या डब्यात. तीन वेळा धुवा: साडेदहा, तेरा आणि साडेपंधरा मिनिटं. दरवेळी ताजं द्रावण, तेच तापमान, तसंच हलवणं.

वाळल्यावर तिन्ही तुकडे शेजारी ठेवा. सावलीचा भाग तिन्हींत जवळजवळ सारखा दिसेल, टॉवेल मात्र ठळकपणे बदलेल. तुमच्या एन्लार्जरवर मधल्या ग्रेडच्या कागदावर जो सहज प्रिंट होतो, ती तुमची वेळ. कंडेन्सर एन्लार्जरला डिफ्यूजनपेक्षा थोडी मऊ निगेटिव्ह लागते, म्हणून मित्राची वेळ तुम्हाला जुळत नाही. स्कॅनच करत असाल तर मऊकडे झुका.

बोअरचं पाणी चालेल? स्टॉक किती दिवस टिकतो?

डेव्हलपर आणि शेवटची खळखळ यांसाठी आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार स्टॉकमध्ये साका धरतात आणि वाळल्यावर फिल्मवर पांढरे थेंब ठेवतात. मधल्या धुण्याला नळाचं पाणी चालतं.

पावडरीपासून केलेला डी-७६ गच्च भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोन. आपल्या उन्हाळ्यात यातूनही वजाबाकी करा. लिटरचा स्टॉक २५० मिलीच्या चार बाटल्यांत भरून ठेवला की हा प्रश्नच मिटतो. पातळ केलेला डेव्हलपर मात्र एकदा वापरला की टाकायचाच. एक्सटॉलबद्दल विशेष सावध राहा: तो मेला तरी रंग बदलत नाही. रोल घालण्याआधी फिल्मच्या शेपटीचा तुकडा उजेडात डेव्हलपरमध्ये बुडवा. काही मिनिटांत काळाकुट्ट झाला पाहिजे.

घरात 'इंदू'चा जुना रोल सापडला. कसा धुवू?

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या या रोलना आता बरीच वर्षं झाली, त्यांवर फॉग असणारच. स्टँड किंवा गरम पाणी नको. एचसी-११० बी २० अंशांना, कमी वेळ. फॉग त्यात कमी राहतो. एक्स्पोज न केलेला असेल तर दोन स्टॉप जादा द्या. आधी सुरुवातीचा एक तुकडा कापून धुवा आणि त्यावरून वेळ ठरवा.

कलर रोललाही हे सगळं लागू होतं का?

नाही. सी-४१ या कलर रोलच्या प्रक्रियेत रंगांचे तीन थर एकमेकांशी जुळून राहावे लागतात, ३७.८ अंश आणि सव्वातीन मिनिटं यासाठीच ठरलेली आहेत. तिथे पातळ करून किंवा कमी हलवून प्रयोग केले तर थर वेगवेगळ्या वेगाने धावतात आणि सावली हिरवी, उजेड गुलाबी असा प्रकार होतो, जो प्रिंटमध्ये दुरुस्त होत नाही. इल्फर्डची एक्सपी२ ब्लॅक अँड व्हाइट असली तरी तिचीही प्रक्रिया सी-४१ चीच, म्हणून टँकमध्ये भरण्याआधी डबीवरचं नाव एकदा वाचून घ्या.